उमाच्या फोनची काच

मल्लू, आज पाचवा दिवस. लोक तुझ्याबद्दल चांगलं बोलायला लागलेत आणि मला त्याचा राग येतोय. मागच्या महिन्यापर्यंत "त्या मल्लूच्या तोंडी कोण लागतंय" म्हणणारे आता चौसाळ्याच्या स्टँडवर उभं राहून "लई गुणी माणूस गेला" म्हणतात. तू गुणी नव्हतास. खडूस होतास, तोंडाचा तिखट होतास. आपल्याला चौथीला शिकवलेले गुरुजी फोन घेऊन आले, तेव्हा त्यांना काय म्हणालास ते मला आठवतंय. "गुरुजी, हात पुढं करा. आमाला लई करायला लावले, आता तुमी करा." दुकानातले सगळे हसले. गुरुजींनी खरंच हात पुढं केला. त्यांचं बोट थरथरत होतं, आणि तू ते पुसून, धरून, चांगला अर्धा तास घालवून त्यांचा फोन बोटानं उघडायला लावलास. लोक आता फक्त तो अर्धा तास सांगतात. आधीचं वाक्य कुणी सांगत नाही.

मीही आज तुझं चांगलं सांगायला बसलेलो नाही. तुला एक गोष्ट सांगायची राहिली आहे. तू मला ती दोनदा विचारलीस, मी दोन्ही वेळा खोटं बोललो. आणि तिसऱ्या वेळी, बीडच्या दवाखान्यात, खोटं बोलण्याहून वाईट वागलो.

बारावीनंतर मी रिकामा फिरत होतो. शेत भाऊ बघायचा, त्याला माझी गरज नव्हती. तू तुझ्या वडिलांच्या वह्या-पेनांच्या दुकानात कोपऱ्यात टेबल टाकून मोबाइल दुरुस्त करायला लागला होतास. मला बोलावून शेजारी बसवलंस. पहिल्यांदा तारा जोडायची, डाग द्यायची गरम कांडी हातात दिलीस आणि म्हणालास, "हात कावून थरथरतो बे? सासऱ्याच्या दारात उभा हायेस का?" तेव्हापासून नऊ वर्षं मी तुझ्या शेजारी बसलो. जे येतं ते तू शिकवलेलं येतं. हे मी तुला कधी म्हणालो नाही. म्हणालो असतो तर तू काहीतरी घाण बोलला असतास, म्हणून राहिलं.

मग ते फोन आले, ज्यांचा बोट ओळखायचा सेन्सर काचेच्या खाली असतो. आधी तो पाठीवर किंवा बाजूच्या बटनात असायचा, तेव्हा तक्रार नव्हती. काचेखाली गेला आणि आपल्याकडं रांग लागली. सगळ्यांचं एकच, "बोट घेत न्हाई." सकाळी घेतो, दुपारी घेत नाही. घरी घेतो, शेतात घेत नाही. कंपनीवाले सांगायचे, काच पुसा. आपल्याकडं काच नाही, बोटंच झिजलेली. ऊस तोडलेली, कांदा काढलेली, धुणी धुतलेली. मी दोनदा बोट नोंदवून द्यायचो आणि तिसऱ्यांदा सांगायचो, नंबर टाकून उघडत जा.

तुला ते पटलं नाही. तू एक लांब वही केलीस. येईल त्याला दहा वेळा बोट ठेवायला लावायचास आणि दहातून किती वेळा उघडला ते लिहायचास. कुणाचे सात, कुणाचे दोन. लोक वैतागायचे, तू ऐकायचा नाहीस. काही फोन खालून उजेड पाडून बोटाचा फोटो काढतात, काही आवाज सोडून परत आलेला आवाज वाचतात, हे तू कुठून कुठून शोधून काढलंस आणि मला समजावलंस. कुठल्या फोनला कोरडं बोट चालत नाही, कुठल्याला ओलं, हेही त्या वहीत होतं.

सलीमभाई गवंडी आठवतात? दुकानात यायचं म्हणून आंघोळ करून, अत्तर लावून आले होते. तू त्यांचा अंगठा उलटासुलटा करून बघितलास आणि म्हणालास, "उद्या कामावरून थेट या. हात धुवायचा न्हाई."

"सिमेंट लागलेला हात घेऊन येऊ?"

"हा. फोन कवा उघडता तुमी? कामावर ना? मग तेच बोट नोंदवायचं. हे नवरदेवाचं बोट माझ्या काय कामाचं?"

सलीमभाई शिव्या देत गेले. दुसऱ्या दिवशी आले ते विटा रचूनच. वरवर पुसलेला, पण चिरलेला, कोरडा अंगठा. तू तो मधोमध ठेवला नाहीस. आधी टोक, मग डावी कड, मग उजवी, मग आडवा. तोच अंगठा दुसऱ्या नावानं परत एकदा नोंदवलास. मग म्हणालास, ठेवा. दहापैकी दहा. सलीमभाईंनी तुला मिठी मारली. तू म्हणालास, "शर्टाचं वाटोळं केलं."

मी शेजारी बसून बघत होतो. मल्लू, त्या दिवशी मला तुझा हेवा वाटला. तुझ्यासारखं एकदा, फक्त एकदा, मला दहापैकी दहा करून दाखवायचं होतं. तेही तुझ्या वहीशिवाय.

म्हणून मी बीडहून त्या मऊ काचा आणल्या. काच म्हणायची, होती ती जाड, रबरासारखी. फोनवर लावली आणि तिच्यावरूनच बोट नोंदवलं की फोन झटक्यात उघडायचा. कोरडं बोट, चिरलेलं बोट, काही असो. तू एकदा हातात घेऊन दाबून बघितलीस. आतल्या बाजूला बारीक ठिपके होते, ते उजेडात धरलेस. "हे फेकून दे. सेन्सर बोट वाचतोय का हे ठिपके, कुणाला ठावं?" मी म्हणालो, "गिऱ्हाइकाला उघडल्याशी मतलब." तू म्हणालास, "माझ्या टेबलावर लावायच्या न्हाईत." मी खोका माझ्या खणात ठेवला आणि तू नसलास की लावू लागलो.

आता जे सांगतो ते मी कुणालाच सांगितलं नव्हतं. एका बाईच्या फोनला मी ती काच लावली, तिचं बोट नोंदवलं आणि पुसता पुसता माझा अंगठा लागला. फोन उघडला. मी परत बंद केला, परत माझा अंगठा ठेवला. परत उघडला. तुझं म्हणणं खरं होतं. फोन बोट वाचतच नव्हता, ठिपके वाचत होता. जगात कुणीही अंगठा ठेवावा आणि तो उघडावा. मी फोन बाईच्या हातात दिला. ती खूष होऊन गेली. तुला सांगितलं असतं तर तू चार माणसांत माझी लाज काढली असतीस, म्हणून गप्प राहिलो. एवढंच कारण होतं.

त्यानंतर दोन दिवसांनी उमा आली.

तुझ्या बहिणीचं बोट तुझ्याच्यानं जुळलं नव्हतं, मल्लू. ती बीडला नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. दिवसभर साबण आणि स्पिरिट, बोटांची कातडी सोलून निघालेली. तू तिला सांगायचास, ड्युटीवरून थेट ये, हाताला काही लावू नको. ती यायची तोवर हाताची आग होते म्हणून क्रीम लावलेलं असायचं. तू ओरडायचास. गिऱ्हाइकांसमोर एकदा म्हणालास, "नटमोगरे, नर्स होनार का नटी?" ती रडत गेली होती. म्हणून त्या दिवशी तू नाहीस हे बघूनच ती आत आली.

"बालाजीदादा, तू करून दे ना. दादा लई बोलतो."

मी खण उघडला. काच लावली. तिचं बोट नोंदवलं. तिनं दहा वेळा उघडून बघितला, मोजत, तुझ्या वहीसारखं. दहाच्या दहा. "बालाजीदादा, तुझ्या हाताला यश हाय बघ," म्हणाली. मला माहीत होतं, मल्लू. ती दारातून बाहेर पडेपर्यंत मी तिला हाक मारू शकत होतो. मी तिच्या कौतुकात बसून राहिलो.

पुढचं तुला माहीत आहे, पण फोन कसा उघडला ते शिवादादानं कुणालाच सांगितलं नव्हतं, ते मी मनाशी ओळखलं होतं. पंधरा दिवसांनी उमा घरी आली होती, स्वयंपाकात होती, बाहेर तिचा फोन वाजत होता. तुझ्या मोठ्या भावानं, शिवादादानं तो उचलला, बंद करायला अंगठा लावला आणि अख्खा फोन त्याच्यापुढं उघडा झाला. त्यात तिच्या वर्गातल्या परळीच्या एका मुलाचे मेसेज होते. दोघांनी नोंदणी लग्नाचे कागद जमवले होते. मुलगा तुमच्या जातीतला नव्हता, आमच्यातलाही नव्हता. शिवादादानं तिला मारलं. शेवटची परीक्षा राहिली होती, ती बुडाली. महिन्याच्या आत धारूरला लग्न लावून दिलं. मी त्या लग्नात वाढप्याचं काम केलं. नवऱ्यामुलाच्या पंगतीत बुंदी वाढली.

उमाचं गणित सरळ होतं. फोन उघडायचा नंबर तिच्याशिवाय फक्त तुला माहीत होता, कारण फोन तूच लावून दिला होतास. नंतर एकदा तू स्टुलावर बसून मला सांगितलंस, ती काय म्हणाली ते. "नंबर फक्त तुला ठावं होता." "मी न्हाई सांगितला, उमा." "मग फोन आपोआप उघडला व्हय?" हे सांगताना तू हातातला स्क्रूड्रायव्हर टेबलावर गोल गोल फिरवत होतास. मी म्हणालो, "राग शांत झाला की बोलंल ती." तू मान हलवलीस. तिनं तुझा फोन पुन्हा कधी घेतला नाही.

पाच-सहा महिन्यांनी शिवादादाच्या कपाटात तुला तो फोन सापडला. तू चार्ज केलास, नंबर टाकून सुरू केलास, काच बंद केल्यावर सवयीनं अंगठा ठेवलास आणि तो उघडला. दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी तू तो माझ्यापुढं ठेवलास.

"ठेव अंगठा."

मी ठेवला. उघडला.

"करंगळी ठेव."

उघडला.

"ही काच कुणी लावली, बालाजी?"

मी म्हणालो, बीडला रस्त्यावर लावून घेतली असंल. माझ्या खणात तो खोका अजून होता, आपल्या दोघांच्या गुडघ्यांच्या मधे. तू खण उघडला नाहीस. का नाही उघडलास? नऊ वर्षांत तू माझं काही तपासल्याशिवाय सोडलं नाहीस. साधं झाकण बसवलं तरी चारी कोपरे दाबून बघायचास. त्या दिवशी का नाही? त्या रात्री तू घरी गेल्यावर मी खोका उकिरड्यावर फेकला.

दुसऱ्यांदा तू कपिलधारला विचारलंस. धबधब्याला पाणी नावालाच होतं. मन्मथस्वामींचं दर्शन घेऊन आपण पायऱ्यांवर बसलो होतो. त्याच्या आदल्या आठवड्यात तू धारूरला जाऊन आला होतास, तिला एवढंच विचारायला की काच कुणी लावली. सासूनं दारातूनच सांगितलं, उमा घरी न्हाई. "चपला दारात होत्या तिच्या," तू म्हणालास. मग म्हणालास, "खरं सांग बे. मी काय बी म्हननार न्हाई. फकत तिला सांगायला पायजे, मी न्हाई म्हणून."

तुला एवढ्या मऊ आवाजात बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. मी आईची शपथ घेतली. तू म्हणालास, "बरं." मला अजून कळत नाही, तू विश्वास ठेवलास की मला सोडून दिलंस. दुसरं असेल तर ते जास्त वाईट आहे.

आणि मग डेंगू. दवाखान्यात शिवादादा सकाळ-संध्याकाळ यायचा, दिवसभर मी. तुझ्या पेशी खाली खाली जात होत्या, हिरड्यांतून रक्त येत होतं आणि तू सिस्टरला सांगत होतास की तिच्या फोनची काच बाजूनं उचललीय. दुपारी मला जवळ बोलावलंस. "उमाला लाव फोन. माझा घेत न्हाई, तुझा घेईल."

मी व्हरांड्यात गेलो. मोबाइल कानाला लावला. उभा राहिलो. रिंग वाजून थांबायला जेवढा वेळ लागतो तेवढा मोजला. आत येऊन म्हणालो, "उचलत न्हाई." नंबर मी लावलाच नव्हता, मल्लू. ती आली असती तर तुम्ही बोलला असता. पहिलं तूच विचारलं असतंस, काच कुणी लावली. दुसऱ्या दिवशी तू परत सांगितलंस, मी परत व्हरांड्यात गेलो. तिसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी मी आत आलो तेव्हा तू माझं तोंड बघून म्हणालास, "राहू दे. सासर हाय, तिला बी त्रास नको." वर म्हणालास, "तू जेवून घे." चौथ्या दिवशी दुपारी मी रक्ताची पिशवी आणायला गेलो होतो, तेव्हा तू गेलास.

तुमच्यातल्या रीतीनं तुला बसवलं, भस्म लावलं, हार घातला. लोक येऊन तुझ्या पाया पडत होते आणि उमा धारूरहून आली. तिला बातमी सासरच्या कुणीतरी मोबाइलवर वाचून सांगितली होती. ती रडली नाही. शिवादादापुढं उभी राहिली आणि म्हणाली, "दवाखान्यात होता तर मला कावून कुणी कळवलं न्हाई?"

"बालाजी रोज फोन लावत व्हता," शिवादादा म्हणाला. "तूच उचलला न्हाईस. भाऊ वाट बघत गेला तुझी."

उमानं पिशवीतून फोन काढला. सगळ्यांसमोर, तुझ्यासमोर, बोटानं खाली सरकवत आठवडाभराचे कॉल बघितले. मग मान वर करून माझ्याकडं बघितलं. तुला समाधीच्या जागेकडं नेलं तेव्हा मी खांदा दिला, आणि सगळ्या वाटेनं मला पाठीवर तिची नजर वाटत होती. वळून बघायची हिंमत झाली नाही.

काल मी तुमच्या घरी गेलो. तीन दिवस जमवत होतो. ओसरीवर शिवादादा होता, उमा भिंतीशी बसली होती. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. काच मी लावली. ती कुणाच्याही बोटानं उघडते हे मला आधीच माहीत होतं. मल्लूनं नंबर कुणाला दिला नव्हता. मल्लूनं दोनदा विचारलं, मी शपथेवर खोटं बोललो. दवाखान्यातून मी फोन लावलाच नाही. सांगताना वाटत होतं, शिवादादा उठेल आणि मला हाणील. मल्लू, मी त्याचीच वाट बघत होतो. मार खायला म्हणूनच गेलो होतो.

शिवादादा ऐकत राहिला. मग म्हणाला, "म्हंजी ते तुझं काम व्हय? मला इतके दिवस वाटायचं, मल्लूनंच गुपचूप माझं बोट त्यात घालून ठेवलं. मला कळावं म्हणून. म्हणून तर मी त्याला कधी शब्दानं दुखवलं न्हाई."

मी म्हणालो, "न्हाई दादा. त्याला काही माहीत नव्हतं."

"आस्सं." त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "मग तुझेच उपकार म्हणायचे, बालाजी. येळेवर कळालं म्हणून घराची अब्रू राहिली. दवाखान्यातल्या फोनचं मनाला लावून घेऊ नको. माणूस आजारी असला की घाबरतंच कुणी बी." आणि वळून म्हणाला, "उमा, बालाजीला चहा टाक."

ती उठली. आत गेली. स्टोव्हचा आवाज आला. शिवादादा मला उसाच्या तोडीबद्दल काहीतरी सांगत होता. उमा कप घेऊन बाहेर आली, माझ्यापुढं धरला आणि हळू विचारलं, "मल्लूदादाला कळालं होतं का, काच तू लावली ते?"

"न्हाई."

"शेवटी काय म्हणाला?"

मी सांगितलं. तुला फोन लाव म्हणून तीन दिवस सांगत होता. मग म्हणाला राहू दे, तिला त्रास नको.

"बरं," ती म्हणाली. अगदी तुझ्यासारखं. कप तिच्या हातात हलत नव्हता.

मी तो घेतला, मल्लू. आणि तिच्यासमोर बसून शेवटपर्यंत प्यालो.